टिंबर मार्केटमधली वखार: लाकूड उत्तम, रंध्यावर मात्र लक्ष ठेवा

आमच्या डायनिंग टेबलाची काच फेब्रुवारीत फुटली. तिच्यावर गरम कुकर कोणी टेकवला ते घरात सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. लोखंडी पाय शाबूत होते. म्हणून वरचा टॉप लाकडाचा आणि घरीच करायचा असं मी ठरवलं आणि पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठलं. तिथल्या एका वखारीचा हा अनुभव. वखारीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि मला तिथे परत जायचंय.

मालकांनी पहिला प्रश्न माझ्या नवऱ्याला केला, "साहेब, किती इंची पाहिजे?" साहेब मोबाइलमध्ये. मी वहीतून वाचून दाखवलं: पाच फूट बाय तीन फूट, तयार जाडी सव्वा इंच. त्यानंतर मात्र ते माझ्याशीच बोलले. साठ गुणिले छत्तीस गुणिले सव्वा, भागिले १७२८, म्हणजे दीड घनफुटाला थोडं वर. "हे झालं तयार मालाचं. आऱ्यात जाणार, रंध्यात जाणार. ताई, अडीच धरा." मला वाटलं, आली फसवायची वेळ. काम संपलं तेव्हा वीतभराचे काही तुकडे आणि पोतंभर भुसा एवढंच उरलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर होता.

नवं सागवान होतं, चंद्रपूर-बल्लारशाकडचं, ज्याला बाजारात अजून 'सीपी' (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून) म्हणतात. (अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिकडचंच लाकूड गेलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.) पण माझी नजर गेली कोपऱ्यातल्या तुळयांवर. पाडलेल्या वाड्यातल्या, वरून काळ्याकुट्ट, एका टोकाला चुन्याचे पांढरे डाग. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात मला 'फ्रेश बर्मा', म्हणजे म्यानमारचं नवं सागवान, दाखवलं होतं. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात एप्रिल २०१४ पासून बंद केली आहे, तर हा ओंडका कधीचा, असं विचारल्यावर तिथे चहाचा विषय निघाला. या वखारीत सरळ उत्तर मिळालं: "वाड्यातलं आहे एवढं नक्की. बर्मा आहे अशी शपथ घेणार नाही. रंधा मारून देतो, वास घ्या." पोरानं हातरंध्याचे दोन हात मारले. आतून मधासारखा रंग आणि तो चामड्यासारखा तेलकट वास. ३४०० रुपये घनफूट. अडीच घनफुटाचे साडेआठ हजार मी घासाघीस न करता दिले, आणि असं माझ्या हातून सहसा होत नाही. जुन्या लाकडाचा खरा फायदा रंगात नाही, ते कधीच वाळून बसलेलं असतं यात आहे.

आता तक्रार. वखारीच्या मागेच आरा आणि रंधा मशीन आहे. भिंतीवर खडूने लिहिलंय, 'खिळा लागल्यास पात्याचे पैसे गिऱ्हाइकाचे.' मी तीन खिळे दाखवले, ते काढले. "आता साफ आहे," म्हणाले. तिसऱ्या फळीत चौथा निघाला, आत मोडून राहिलेला. ठण्ण! तीनशे रुपये माझ्या बिलात. तेही सोडून देते, नियम लिहिलेला होता. पण दाताळलेलं पातं न बदलता त्यांनी उरलेल्या फळ्या तशाच काढल्या, आणि प्रत्येक फळीवर एकाच जागी दोऱ्याएवढी उभट रेघ उमटली. शिवाय दोन्ही टोकांच्या दोन-दोन इंचांत लाकूड जास्त खोल खाल्लं गेलं. फळ्या साडेपाच फुटी घेतल्या होत्या म्हणून टोकं छाटता आली. मापाच्या घेतल्या असत्या तर टेबल पाच फुटांचं झालं नसतं.

मशीनवरचे मामा मात्र लाख मोलाचे. फळ्या टोकाकडून बघायला त्यांनीच शिकवलं: लाकडातल्या वर्षांच्या वलयांच्या कमानी एका फळीत वर, पुढचीत खाली, अशा लावायच्या, म्हणजे सगळा टॉप एका बाजूला बाक धरत नाही. आणि पायांच्या पट्टीला गोल भोकं ठेवू नका, आडवी लांबट करा, वायसर टाका, स्क्रू आवळून मारू नका. "पावसाळ्यात तीन फुटांत दोन-तीन मिलिमीटर फुगणारच. त्याला जागा दिली नाही तर मधून तडकेल." जुलैत मी टेप लावून पाहिलं. तीन मिलिमीटर, बरोब्बर रुंदीत. लांबी होती तेवढीच.

घरचं काम थोडक्यात. सहा फळ्या, आधी तीन-तीनचे दोन पाट जोडले, दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना. सागवान तेलकट, म्हणून कडा थिनरने पुसून लगेच फेविकॉल मरीन लावलं. क्लॅम्प बोहरी आळीतून आणले, एक वरून, एक खालून असे आलटून पालटून आवळले. सगळे एकाच बाजूने आवळले तर पाट बाक धरतो. खाली अंथरलेला पेपर चिकटला आणि पाटाच्या पोटाला आजही अर्धी क्रिकेटची बातमी आहे. ती रेघ घालवायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, यात दोन रविवार गेले. शेवटी बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) तीन हात. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मी दोरीवर पसरून वाळवली, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, ही कसली धुणी.

लाकडाला पाचपैकी पाच, मामांना पाच, रंध्याला दोन. टेम्पो सांगितल्यापेक्षा चार तास उशिरा आला, पण फळ्या चादरीत गुंडाळून आणल्या होत्या, तेव्हा त्यावर काही बोलत नाही. जाणार असाल तर दुपारी बाराच्या आत जा, मामा नंतर जेवायला जातात ते साडेतीनशिवाय दिसत नाहीत.

संध्याकाळी खिडकीतून तिरका उजेड आला की दोन फळ्यांवर ती रेघ अजून दिसते. पाहुण्यांना दिसत नाही. मला दिसते. आता टेबलाजवळ बाक करायचाय, त्याला दीड घनफूट पुरेल. या वेळी लोहचुंबक पर्समध्ये घेऊन जाणार आहे.