विमा लोकपाल की ग्राहक आयोग? क्लेम नाकारल्यावर आधी कुठे जायचं

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की पहिला फोन बहुधा वकिलाला जातो. त्याआधी दाद कुठे मागायची हे ठरवलेलं बरं. विमा लोकपालाचा (विमा तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याचा) निवाडा पटला नाही, तर पुढे ग्राहक आयोगात जाता येतं. उलटं होत नाही: आयोगात तक्रार दाखल केली की त्याच वादासाठी लोकपालाचा रस्ता बंद. त्यामुळे रक्कम ५० लाखांच्या आत असेल आणि वाद कागदांवर सुटण्यासारखा असेल, तर आधी लोकपाल.

लोकपालाकडे जाण्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावंच लागतं. टीपीएशी (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेशी) कितीही मेल झाले असले तरी ही तक्रार विमा कंपनीच्या नावाने हवी. नकार आला, उत्तर समाधानकारक नसलं, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, की लोकपालाकडे जाता येतं. आयोगासाठी एक महिना थांबण्याची अशी अट नाही, पण लेखी तक्रार नसेल तर तिथेही बाजू लंगडी पडते. विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली तर तारखेचा पक्का पुरावा मिळतो. तेवढाच त्याचा उपयोग धरा. क्लेम द्यायचा की नाही हे आयआरडीएआय ठरवत नाही.

पैसा आणि वेळ

लोकपालाकडे फी नाही आणि वकीलही चालत नाही. पॉलिसीधारक, वारस किंवा नॉमिनी स्वतः बाजू मांडतात. सगळी कागदपत्रं पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे. टाळाटाळ केली तर आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार तक्रारदाराला रोज ५,००० रुपये दंड द्यावा लागतो.

आयोगात फी आणि अधिकारक्षेत्र क्लेमच्या रकमेवर नव्हे, भरलेल्या प्रीमियमवर ठरतं. हे अनेकांना ठाऊक नसतं. भरलेला प्रीमियम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे दोन कोटींच्या टर्म पॉलिसीचा दावाही जिल्ह्यातच, तोही तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात. कंपनीला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने लिहिली आहे, पण तारखा पडत वर्षं जातात. कंपनीला राज्य आयोगात अपील करायचं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

काय मिळतं

लोकपालाकडून क्लेमची रक्कम आणि नियमाप्रमाणे व्याज. मानसिक त्रासाची वेगळी भरपाई किंवा दाव्याचा खर्च हवा असेल तर आयोग. पण या दोन्हींचे आकडे बहुधा माफकच असतात. केवळ त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षं घालवणं आम्हाला परवडणारं वाटत नाही.

कुठला वाद कुठे

खोलीभाडं मर्यादेपेक्षा जास्त म्हणून सगळ्या बिलात केलेली प्रमाणशीर कपात, चुकीचा लावलेला प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांना संरक्षण न मिळणारा काळ), सलग ६० महिने पॉलिसी चालू असूनही 'आजार लपवला' म्हणून दिलेला नकार: हे लोकपालाचे विषय. साठ महिन्यांनंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय आरोग्य विम्याचा क्लेम त्या कारणावरून नाकारता येत नाही. आयुर्विम्यात तीन वर्षं झाली की पॉलिसीवर आक्षेपच घेता येत नाही.

लपवाछपवीच्या आरोपाचं मूळ अनेकदा डिस्चार्ज कार्डवर असतं. भरतीच्या वेळी घाईत कुणीतरी 'मधुमेह, १० वर्षं' असं लिहून ठेवतं, नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेलं असतं, आणि कंपनी तेवढंच उचलते. अशा वेळी इनडोअर केस पेपरची (रुग्णालयातल्या भरतीकाळातल्या नोंदींची) पूर्ण प्रत काढा. ती नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली आणि निदान प्रत्यक्षात कधी झालं, याचं पत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्या. सोबत पहिल्या तपासणीचा जुना लॅब रिपोर्ट जोडा. लोकपालाची सुनावणी छोटी असते. तिथे हे तीन कागद लांबलचक अर्जापेक्षा जास्त बोलतात.

आगीत जळालेला माल, सर्वेअरने (नुकसान मोजणाऱ्या तज्ज्ञाने) निम्म्यावर आणलेलं नुकसान, दोन तज्ज्ञांची परस्परविरोधी मतं, असं असेल तर थेट आयोग. सर्वेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण अंतिम नसतो. तुमच्या तज्ज्ञाचं शपथपत्र आणि लेखी प्रश्नोत्तरं तिथे नीट मांडता येतात. मध्यम किंवा मोठ्या उद्योगाची पॉलिसी लोकपाल हाताळत नाहीत. बनावट सह्यांसारखे आरोप मात्र आयोगालाही जड जातात. तो दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवू शकतो.

घसरतं कुठे

मुदतीत. कंपनीकडे केलेल्या तक्रारीला नकार आल्यापासून लोकपालाकडे एक वर्ष. आयोगासाठी वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि हे घड्याळ पहिल्या नकारपत्रापासून चालू धरा. नंतर पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ते मागे जात नाही. लोकपालाकडे प्रकरण चालू असतानाही ही तारीख कॅलेंडरवर असू द्या. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका.

दुसरी जागा म्हणजे डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे क्लेमचे पैसे घेताना कंपनी सही करून घेते ती पावती. अर्धी रक्कम घेताना 'पूर्ण व अंतिम' या ओळीखाली सही झाली की दोन्हीकडे कंपनी तोच कागद पुढे करते. सही करावीच लागली तर 'हरकत राखून' असं हाताने लिहा आणि त्याच दिवशी मेल टाका. पैसे परस्पर खात्यात आले असतील तरीही उरलेल्या रकमेची मागणी लगेच लेखी करा.

अपघातात दुसऱ्याच्या वाहनामुळे झालेल्या इजेची भरपाई यातल्या कुठेच मागायची नसते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे.