यूएफडब्ल्यू : स्वतःच्या डीएनएस सर्व्हरला ही फायरवॉल पुरते का?

दोन वर्षं झाली स्वतःचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) चालवतोय. छोटासा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर उबुंटू लिनक्स आणि बाइंड हा डीएनएस प्रोग्राम, माझे तीन डोमेन. फायरवॉल यूएफडब्ल्यू. उबुंटूसोबत येते, फक्त बंद असते, आपण चालू करायची. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल-साधनाच्या लांबलचक ओळींपेक्षा लाखपट सोपी, एका नियमात आयपीव्ही4 आणि 6 दोन्हीचं काम होतं.

चालू करताना ती विचारते की एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची सोय) तुटू शकतं, पुढे जाऊ का. मी वाय दाबून मोकळा, एसएसएचचं पोर्ट 22 उघडलंच नव्हतं 🤦 पुढच्या वेळी नवं सेशन उघडायला गेलो तर आत घेईना, मग होस्टिंगच्या वेब कन्सोलमधून शिरलो, तिथे पेस्टसुद्धा होत नाही.

डीएनएसचं पोर्ट 53, ते मी 53/यूडीपी असं उघडलं कारण डोक्यात बसलेलं की डीएनएस म्हणजे यूडीपी (जोडणी न करता डेटा पाठवायची पद्धत; आधी जोडणी करणारी ती टीसीपी). वेबसाइट, मेल सगळं झकास चाललं. मग दुसरा सर्व्हर सेकंडरी (जोडीचा, प्रत ठेवणारा) म्हणून जोडला आणि झोन, म्हणजे डोमेनच्या नोंदींची यादी, काही तिकडे जाईना, लॉगमध्ये नुसतं टाइम्ड आउट, मी आपला बाइंडची फाइल उलटीपालटी करतोय. झोन ट्रान्सफर टीसीपीवरून होतो हो! मोठं उत्तर यूडीपीत मावलं नाही तरी समोरचा टीसीपीवरच परत विचारतो. नुसतं 53 लिहिलं असतं तर दोन्ही उघडलं असतं, म्हणजे चार अक्षरं जास्त टाइप करून अख्खा रविवार घालवला.

लिमिट नावाची सोय आहे, 30 सेकंदात एकाच आयपीवरून 6 कनेक्शन झाली की अडवते. एसएसएचला एक नंबर. डीएनएसला चुकूनही लावू नका. मी लावली, तर साइट कधी उघडते कधी नाही, कारण मोठे रिझॉल्व्हर (लोकांसाठी नावाचे पत्ते शोधून देणारे सर्व्हर) हजारो लोकांच्या वतीने त्याच थोड्या आयपींवरून विचारत असतात, त्यांनाच दार बंद.

आणि जे हिला जमतच नाही ते : 53 जगाला उघडं ठेवावंच लागतं, त्यातून कोण काय विचारतंय हे हिला कळत नाही. घरचा आयपी सारखा बदलतो म्हणून मी बाइंडमध्ये रिकर्शन (दुसऱ्यांच्या डोमेनचेही पत्ते शोधून देणं) फक्त घरापुरतं न ठेवता सगळ्यांना उघडं करून ठेवलं होतं, झालं, कुणीतरी खोट्या आयपीने छोटे प्रश्न टाकून मोठी उत्तरं तिसऱ्याच्याच डोक्यावर पाडायला लागलं आणि होस्टिंगवाल्यांचा तक्रारीचा मेल आला. चूक माझीच. रिकर्शन नो केलं, बाइंडचंच रेट-लिमिट (उत्तरांच्या वेगाला मर्यादा) लावलं, शांत झालं.

5 पैकी 4. एक कापला कारण नंबरने नियम उडवला की खालचे सगळे नंबर वर सरकतात, मी 3 आणि 5 उडवायला गेलो आणि 6 उडवून बसलो. खालून वर उडवत या.