रेव्हिटमध्ये भिंती आणि छप्पर: आठ महिने वापरल्यानंतर

ऑटोकॅडमध्ये रेघांची ड्रॉइंग काढायची सवय असलेल्या माणसाला रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्याच दुपारी चार भिंती उभ्या करता येतात. फसगत तिथेच होते. ब्लॉक किती जाड, प्लास्टर किती, भिंत बीमखाली थांबते की नाही, हे सगळं सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं तर चूक भिंतीत दिसत नाही, छपरात नाहीतर थेट क्वांटिटीत (मालाच्या मोजमापात) दिसते.

म्हणून सुरुवात टाइपपासून, म्हणजे भिंतीच्या प्रकारापासून, करा. तयार टाइप डुप्लिकेट करून एडिट स्ट्रक्चरमध्ये थर भरा: बाहेर २० मिमी प्लास्टर, मध्ये १५० मिमी एएसी (हलक्या काँक्रीटचा) ब्लॉक, आत १२ मिमी प्लास्टर, एकूण १८२. कोअर बाउंड्रीच्या (भिंतीच्या गाभ्याच्या हद्दीच्या) आत फक्त ब्लॉक ठेवायचा. लोकेशन लाइन (ज्या रेघेवर भिंत बसते ती) मुळात वॉल सेंटरलाइनवर असते, म्हणजे बाहेरच्या तोंडापासून ९१ मिमीवर. ब्लॉकचा मध्य ९५ वर येतो. हा ४ मिमीचा फरक ग्रिडवर (कॉलमच्या आखणीच्या रेघांवर) बसवलेल्या प्रत्येक भिंतीत शिरतो, आणि मग डायमेन्शन विचित्र आकडे दाखवायला लागतात. ब्लॉकचं बाहेरचं तोंड कॉलमशी फ्लश (एका रेषेत) हवं असेल तर कोअर फेस एक्स्टिरिअर निवडा. भिंती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढल्या की बाहेरची बाजू बाहेरच राहते. उलट झाली तर स्पेसबार दाबा. भिंत निवडल्यावर फ्लिपचे बाण ज्या बाजूला दिसतात ती बाहेरची.

मुंबईच्या कामात सगळ्यात महाग पडणारी चूक उंचीची. टॉप कन्स्ट्रेंट (भिंतीचा माथा कुठवर ते) वरच्या लेव्हलला लावून मोकळं झालात की भिंत बीममधून आरपार जाते. मजला २९०० मिमी आणि बीम ४५० मिमी असेल तर ब्लॉकचं काम २४५० च असतं. शेड्यूल (रेव्हिटचा मोजमापाचा तक्ता) मात्र २९०० मोजतं, म्हणजे सुमारे १८ टक्के जास्त. भिंत फ्लोअरला किंवा रूफला अटॅच होते, बीमला होत नाही. त्यामुळे टॉप ऑफसेटला उणे ४५० द्यावंच लागतं. पण बाहेरचं प्लास्टर तर बीमवरूनही जातं! त्यासाठी टाइपमध्ये तो थर अनलॉक करून वर वाढवता येतो. तरी अंदाजपत्रक काढायचं असेल तर प्लास्टरची वेगळी भिंत काढून ब्लॉकच्या भिंतीशी जॉइन केलेली बरी. जॉइन केल्यावर खिडकी दोन्ही भिंती कापते. काम थोडं वाढतं, पण ठेकेदाराशी हुज्जत टळते.

आता छप्पर. अलिबागकडच्या बंगल्यांमुळे मुंबईच्या ऑफिसांत मंगलोरी कौलांचं छप्पर नेहमीचं झालंय. रूफ बाय फूटप्रिंट घ्या, पिक वॉल्सने भिंती निवडा, ओव्हरहँग (भिंतीबाहेर येणारा भाग) ६०० मिमी द्या. एक्स्टेंड टू वॉल कोअरवर टिक असेल तर हे ६०० ब्लॉकपासून मोजले जातात, प्लास्टरपासून ५८० च उरतात. ज्या बाजूला त्रिकोणी भिंत हवी त्या रेघेची डिफाइन्स स्लोप (उताराची टिक) काढून टाका, मग भिंती रूफला अटॅच करा.

३० अंशाच्या उतारावर ६०० ची वळचण ३४६ मिमी खाली येते, ९०० ची ५२०. भिंत २७०० ची असेल तर दुसऱ्या बाबतीत वळचण २१८० वर, म्हणजे जवळजवळ दाराच्या माथ्यावर येऊन टेकते. हे प्लॅनमध्ये दिसत नाही, सेक्शन काढून बघाच. त्यात रूफच्या सेटिंगमध्ये राफ्टर (तिरका वासा) की ट्रस (कैची) हा पर्याय आहे: राफ्टरमध्ये उंची भिंतीच्या आतल्या तोंडापासून धरली जाते, ट्रसमध्ये बाहेरच्या. १८२ च्या भिंतीला तेवढ्यानेच अख्खं छप्पर सुमारे १०५ मिमी वरखाली होतं. छप्पर ‘चुकून’ खाली बसलंय असं वाटलं की आधी हे तपासा.

एल आकाराच्या घरात दोन बाजूंच्या भिंतींची उंची वेगळी असेल तर वळचणी जुळत नाहीत. अलाइन ईव्ह्ज (वळचणी एका पातळीत आणायची सोय) वापरा. प्लॅनमध्ये छप्पर अर्धवट कापलेलं दिसतं त्याला कारण व्ह्यू रेंज: कट प्लेन (ज्या उंचीवर प्लॅन कापला जातो तो) १२०० मिमीवर असतो. रूफ प्लॅनसाठी तो वाढवा, मॉडेलला हात लावू नका. कौलांचा हिशेब करताना प्लॅनचं क्षेत्रफळ घेऊ नका: ७.२ बाय १०.२ मीटरच्या छपराचं प्लॅनमध्ये ७३.४ चौरस मीटर भरतं, ३० अंशाच्या उतारावर ८४.८.

गच्चीचं प्रकरण वेगळं. तिथे सपाट रूफ काढून ब्रिकबॅट कोब्याच्या (विटांच्या तुकड्यांच्या) थराला व्हेरिएबलची (जाडी बदलू देणारी) टिक द्यायची. ती विसरलात तर मॉडिफाय सब एलिमेंट्सने पॉइंट उचलताच खालचा स्लॅबही तिरका होतो. १:१०० चा उतार म्हणजे ६ मीटरला ६० मिमी. पावसाच्या पाइपच्या तोंडाचा पॉइंट शून्यावर ठेवून कडा वर घ्या. पाइपचा पॉइंट खाली ओढलात आणि तो थराच्या जाडीपेक्षा जास्त गेला, तर एरर येतो.

रेव्हिटची एलटी ही कमी सोयींची आवृत्ती स्वस्त आहे, भिंती-छपरांच्या कामाला पुरते; एकाच मॉडेलवर चौघांनी काम करायची सोय तिच्यात नाही. आणि नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, तेव्हा स्ट्रक्चरवाल्याकडे कुठली आवृत्ती आहे हे पहिली भिंत काढायच्या आधी विचारा.