पुण्याच्या नाना पेठेतील आमच्या भिंतीवरील वारीचे भित्तिचित्र : सव्वातीन वर्षे चाललेल्या कामाविषयी

आमच्या इमारतीच्या रस्त्याकडील ४२ फूट लांब आणि १४ फूट उंच भिंतीवर वारीचे चित्र काढण्याचे काम आम्ही फेब्रुवारी २०२० मध्ये एका चित्रकाराला आणि त्यांच्या दोन साथीदारांना दिले. ते जून २०२३ मध्ये, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येण्याच्या सहा दिवस आधी पूर्ण झाले. मूळ बोली दोन महिन्यांची होती. इमारतीचा चिटणीस या नात्याने हे काम मी पहिल्या दिवसापासून पाहिले आहे, आणि एवढा उशीर होऊनही मी या मंडळींची शिफारस करतो. त्याचे मुख्य कारण असे की, चित्र काढण्याची घाई आम्हाला होती तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला.

सुरुवात चांगली झाली होती. ओळंबा धरून, गेरूत भिजवलेल्या सुतळीने भिंतीवर फुटा-फुटाचे चौकोन आखले गेले आणि कोळशाने दिंडीचे रेखाटन निम्म्यापर्यंत आले. तेवढ्यात टाळेबंदी लागली आणि पावसाळ्यात कोळसा धुऊन गेला. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पेठेत पालखी आलीच नाही, आणि रिकाम्या रस्त्यासमोरची ती अर्धवट आखलेली भिंत पाहताना जीव कासावीस होत असे.

२०२१ च्या दिवाळीनंतर चित्रकार परत आले तेव्हा भिंतीच्या खालच्या भागाला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, लागला होता. आम्ही म्हणालो, खरवडून प्रायमरचे दोन हात द्या आणि रंगवा. त्यांनी वहीच्या पानाएवढे प्लॅस्टिकचे तीन तुकडे एक फूट, तीन फूट आणि सहा फूट उंचीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाली बोलावून त्यांनी ते एकेक करून सोलून दाखवले. सहा फुटांवरचा कोरडा होता, तीन फुटांवरच्या तुकड्याला आतून दव धरले होते आणि एक फुटावरच्या तुकड्यातून पाण्याचा थेंब माझ्या बोटावर ओघळला. या भिंतीवर रंग दिला तर पहिल्या पावसाळ्यातच पोपडे सुटतील, त्यामुळे मी तो देणार नाही, असे त्यांनी सांगितले. हातचे पैसे सोडून असे बोलणारा माणूस मला बांधकामाच्या व्यवहारात क्वचितच भेटला आहे.

कारणे दोन निघाली. गच्चीवरून येणारा पावसाळी पाण्याचा पाइप जमिनीजवळ फुटलेला होता. शिवाय आमची भिंत जुन्या विटांची आणि चुन्यातली आहे, तिच्यावर पूर्वी एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत राहते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आतच कोंडते, तिच्याबरोबर क्षार वर चढतात आणि रंगाला आतून ढकलतात. उपाय खर्चाचा होता आणि त्यावर आम्हा सभासदांचे एकमत व्हायला तब्बल आठ महिने गेले. हा उशीर सर्वस्वी आमचा आहे, तो चित्रकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अखेर २०२२ चा पावसाळा संपल्यावर पाइप बदलला, खालच्या चार फुटांचे सिमेंट काढून तिथे मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला आणि तो ओल्या गोणपाटाखाली ठेवून सावकाश घट्ट होऊ दिला.

त्यानंतर त्यांनी चित्राची मांडणीच बदलली, आणि मला वाटते चित्राचे खरे सौंदर्य या बदलात आहे. खालचे चार फूट आता वारीची वाट आहेत. तिथे कृत्रिम रंग नाही, फक्त चुन्याच्या निवळीत कालवलेला गेरू आणि पिवळी माती आहे. हे मातीचे रंग चुन्यात टिकतात, उन्हाने सहसा फिके पडत नाहीत आणि भिंतीचा श्वासही कोंडत नाही. वरच्या कोरड्या भागावर ॲक्रिलिक रंगात वीणेकरी, पखवाजी, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, आणि एका कोपऱ्यात वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देणारा पेठेतला चर्मकार आहे. त्या चर्मकाराच्या हातातली आरी आधी लेखणीसारखी धरलेली काढली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने ती पाहिली आणि स्वतःची आरी मुठीत धरून, तळव्याने दाब कसा देतात ते दाखवले. चित्रकारांनी त्याच दुपारी तो हात पांढऱ्याने बुजवला आणि सकाळी नव्याने काढला. आज तिथून जाताना माझी नजर सर्वांत आधी त्या मुठीवर जाते.

एप्रिलमध्ये एक साथीदार परांचीवरून घसरला, मनगट मोडले आणि पाच आठवडे गेले. भिंत पश्चिमेची असल्याने मे महिन्यात सकाळी सहा ते दहा एवढेच काम करता येई, कारण तापलेल्या भिंतीवर रंग कुंचल्याखालीच वाळून पट्टे पडतात.

उणिवाही सांगतो. वेळापत्रक लेखी मिळाले नाही आणि साथीदाराच्या अपघातानंतर जवळजवळ तीन आठवडे फोन उचलला गेला नाही. त्यांची अडचण समजते, पण एक निरोप पुरला असता. आभाळाचा निळा रंग दोन खेपांत आणल्यामुळे डावीकडून तिसऱ्या पताकेमागे छटा बदललेली दिसते. काम देणाऱ्यांनी मोठ्या पृष्ठभागाचा रंग एकदमच घ्यावा. वरून दिलेला संरक्षक हात चकाकणारा आहे, त्यामुळे ऊन कलल्यावर समोरच्या पदपथावरून चेहरे नीट दिसत नाहीत. तो बिनचमकीचा मागून घ्यावा, आम्हाला ते सुचले नाही. दर मात्र त्यांनी २०२० चाच ठेवला, वाढ फक्त साहित्याची घेतली आणि प्रत्येक डब्याची पावती दाखवली.

खालच्या पट्ट्याला दर दोन वर्षांनी चुन्याचा नवा हात लागेल, हे त्यांनी काम सोपवतानाच सांगितले होते. पहिला हात द्यायला ते स्वतः आले. चुना आणि गेरू आम्ही आणून दिला, आणि गाळायला लागणारे जुने धोतर तळमजल्यावरच्या आजोबांनी काढून दिले.