दुकानाचं बारसं, यादी जपानी: पाचपैकी तीन तारे

लेकीनं नौपाड्यात स्टेशनरीचं दुकान टाकायचं ठरवलं. गाळा, डिपॉझिट, फर्निचर सगळं भराभर उरकलं आणि घोडं अडलं ते नावावर. पायलट, पेंटेल, झेब्रा अशी जपानी पेनं दुकानात मुख्य असणार, म्हणून तिला नाव जपानी वळणाचंच हवं होतं. शेवटी वाशीत नावं सुचवून देणारी दोन तरुण मुलं आहेत, त्यांना गाठलं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कानउघाडणी आहे.

नुसत्या नावांच्या यादीचे ३,५०० रुपये; यादी, लोगो आणि 'ब्रँड स्टोरी' मिळून १२,०००. आम्ही मोठं पॅकेज घेतलं.

पहिली बैठक झकास झाली. "काकू, प्रत्येक अक्षर स्वरावर संपू दे, शेवटी फार तर 'न' चालेल. ल, ळ, ठ, ढ, भ यांना हात लावायचा नाही," असं सांगून त्यातल्या एकानं जपानी अक्षरांचा तक्ता पुढे ठेवला. अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आयुष्यभर पहिलीच्या पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घेतलेली बाई मी, मला तो क्रम बघून गंमतच वाटली. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमाला तिकडे पोचली, तिचा हा ठसा. अशी नावं देवनागरीत बिनबोभाट बसतात, आणि ठाण्यातल्या रिक्षावाल्यालाही ती एका दमात वाचता येतात. एवढं समजावून सांगणारे लोक मला दुसरीकडे भेटले नाहीत.

मग यादी आली. तिसऱ्या नंबरवर 'मोरी', पुढे अर्थ: जंगल. अर्थ बरोबर आहे हो, पण मुलगा इंदूरकडचा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आमच्याकडे मोरीत भांडी घासतात. "वही कुठून आणलीस?" "मोरीतून." हे कोण ऐकून घेणार? त्याच्या खाली 'किराई', अर्थ 'सुंदर'. अ‍ॅनिमे बघून बघून लेकीचे कान तयार झालेत. ती म्हणाली, "आई, सुंदरला किरेई म्हणतात. किराई म्हणजे नावडतं." पैसे घेऊन यादी देताना एवढं तरी तपासायला हवं होतं.

त्याहून खटकली प्रत्येक नावापुढची 'उपलब्ध' ही हिरवी खूण. खोदून विचारल्यावर कळलं की फक्त वेबसाइटचा पत्ता आणि इन्स्टाग्राम पाहिलं होतं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. स्टेशनरीच्या मालासाठी वर्ग १६ आणि दुकानदारीसाठी ३५, दोन्ही बघावे लागतात. ते काम आम्ही घरी बसून केलं. यादीतल्या एका नावासारखाच उच्चार असलेलं नाव १६ मध्ये आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. छोट्या धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, ती या पॅकेजमध्ये धरलेली नाही.

ब्रँड स्टोरी तर विचारूच नका. क्योटोच्या गल्लीतला कुणी म्हातारा कारागीर, त्याची नात, चेरीची फुलं! आमची लेक महाबळेश्वरच्या पलीकडे गेलेली नाही. मिनिसोसारखी बडी चिनी कंपनी, 2013 मध्ये ग्वांगझूत सुरू झालेली, तिनंही आपण जपानी डिझायनर ब्रँड असल्याचा आव आणल्याबद्दल 2022 मध्ये जाहीर माफी मागितली. मग आम्ही कोण लागून गेलो? तो कागद आम्ही परत केला.

नाव मात्र त्यांच्याच यादीत सापडलं, अगदी तळाशी: 'सुमी'. जपानी सुलेखनाची काळी शाई. काजळी आणि सरस मळून तिच्या कांड्या करतात, त्यासाठी नारा शहर प्रसिद्ध आहे. पेनाशाईच्या दुकानाला यापरतं काय हवं? शिवाय आमच्या ह्यांच्या आत्याचं नाव सुमी, त्यामुळे घरात मतदानाची गरजच पडली नाही. आता गिऱ्हाइकं लेकीलाच "सुमीताई" म्हणतात. ती सुधारायच्या भानगडीत पडत नाही.

लोगोत जपानी अक्षरं ढब्बू आणि देवनागरी मुंगीएवढी होती. पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि 2022 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही तो नियम आहे. हे ऐकल्यावर त्यांनी तक्रार न करता, जादा पैसे न घेता नवा लोगो करून दिला. 'सु'चा उकार ब्रशनं ओढल्यासारखा आलाय, फार देखणा.

जाणार असाल तर ३,५०० वालंच पॅकेज घ्या आणि यादी घरातल्या एखाद्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. लोगोचे पैसे वेगळे ठरवता येतात. आणि जीएसटीचं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते आठवणीनं मागा.