हेदवीची बामणघळ दाखवतो म्हणून हरणीच्या नावाने उकळलेले पैसे

लातूर, धाराशिव, बीडकडून कुत्रं घेऊन कोकणात जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी खोली ठरवायच्या आधी हे वाचावं. ज्याने आम्हाला लुबाडलं त्याचं सगळं दुकान एकाच गोष्टीवर चालतं: कुत्रं चालणारी खोली सहजासहजी मिळत नाही. सगळीकडून "प्राणी चालत नाहीत" ऐकून कंटाळलेल्या माणसाला कुणी "आणा की, आमच्याकडं पण दोन आहेत" म्हणलं की जीव भांड्यात पडतो. भामट्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आमची हरणी कारवानी जातीची. आमच्या भागात ही शिकारी कुत्री शेतावर पूर्वापार पाळतात. लांब पाय, आत गेलेलं पोट, पुढं काही हललं की सुटलीच. लेकीच्या मनात होतं की हरणीला समुद्र दाखवायचा, आणि तोही हेदवीच्या बामणघळीचा. गुहागर तालुक्यात, उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळाला एक अरुंद, खोल भेग आहे. भरतीच्या लाटा त्या भेगेत घुसतात, टोकाला आपटतात आणि पाण्याचा लोट सरळ वर उसळतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या पोरीला त्या पाण्याची ओढ असणारच.

फेसबुकवर जाहिरात दिसली. कौलारू घर, अंगणात माड, आणि बामणघळीच्या उसळत्या पाण्याचा फोटो. खाली "कुत्र्यांचं स्वागत". फोन केला तर माणूस अगदी गोड बोलायचा. हरणीचं नाव विचारलं, ती काय खाते ते विचारलं. आधी खोलीची आगाऊ रक्कम 3,200 रुपये. मग म्हणाला, ताई, कुत्रं किनाऱ्यावर न्यायचं तर ग्रामपंचायतीचा परवाना लागतो, तुमचं आधार आणि रेबीजच्या लसीचं कार्ड पाठवा, 1,500 रुपये भरा, मी काढून ठेवतो. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर परवाना आला. गोल शिक्का, सही, हरणीचा फोटोसुद्धा. निघायच्या आदल्या रात्री 5,000 रुपये डिपॉझिट मागितलं: कुत्र्याने गादी फाडली तर म्हणून, जाताना परत. पैसे जाताना स्क्रीनवर नाव दिसलं ते कुठल्याशा मोबाइल दुकानाचं. ह्यांनी विचारलं, "नाव दुसरंच कामून दिसतंय?" तर उत्तर तयार होतं, "मेव्हण्याचं खातं आहे दादा, आमच्या गावात बँकेचं नेटवर्क नसतं."

कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत पोहोचलो. घर सापडलं, कारण घर खरंच होतं. फोटोही त्याच घराचे. फक्त दारात आलेल्या काकूंचा त्या जाहिरातीशी काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या जुन्या पाहुण्यांनी टाकलेले फोटो उचलून कुणीतरी आपला नंबर चिकटवला होता. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्यासारखे आधीही येऊन गेले. आणि हा असला परवाना इथे कोणी कधी मागितलेला मी ऐकला नाही." भामट्याचा फोन तोवर बंद झाला होता.

काकू कुत्रा घरात घेत नाहीत, तरी आम्हाला रात्री पडवीत जागा दिली, हरणीला ताक-भात दिला. त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली, ती मी सगळ्यांना सांगत असते. भामटा आम्हाला म्हणाला होता, "रोज सकाळी आठला या, पाणी उसळतंच, आणि पट्टा सोडून द्या, मोकळी हिंडू दे तिला." काकू हे ऐकून हादरल्याच. भरती रोज एकाच वेळेला येतच नाही, दिवसागणिक साधारण पाऊण तास पुढं सरकते. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. सकाळी आठ-नऊला तर ओहोटी, घळ कोरडी. किनाऱ्यावर राहणारा कुणीही "रोज आठला" म्हणणार नाही. म्हणून फोनवर खोलीचं विचारता विचारता सहज विचारा: आम्ही येऊ त्या दिवशी भरती किती वाजता? खरा घरमालक सांगेल किंवा पंचांग बघून कळवेल. थापाड्या तिथंच अडकेल.

तीन वाजता आम्ही गेलो, पट्टा ह्यांच्या मनगटाला दोन वेढे देऊन. लाट आत शिरली की आधी पायाखालून घुमल्यासारखा आवाज येतो, पाणी त्यानंतर दिसतं. पहिल्याच आवाजाला हरणीने कान मागं पाडले, शेपटी पोटात घातली आणि नखं कातळावर खरवडत जी मागं ओढ घेतली, ती ह्यांना आवरेना. खाली ओलं शेवाळ. ही पट्ट्याविना असती तर कुठं पळाली असती, ह्या विचाराने अजून पोटात गोळा येतो. पैशापेक्षा मला त्या माणसाच्या ह्या सल्ल्याचा राग जास्त आहे.

तक्रारीचं सांगते. हेदवीहूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. ते बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक विचारतात, तो समोर ठेवूनच बोला. आदल्या रात्रीच्या 5,000 पैकी काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली, आधीची मात्र काढून नेलेली होती. लातूरला एका ठाण्यात "घर कोकणात, तिकडं तक्रार द्या" म्हणून परत पाठवायला बघत होते. ऐकून घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. लेकीने कलम दाखवलं, तेव्हा लिहून घेतलं.

पुढं आणखी एक डाव झाला. दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, "तुमचं डिपॉझिट परत करतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." लेकीने हातातून फोन काढून घेतला. पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच.

आमच्या आधारची प्रत त्याच्याकडं गेलीय, म्हणून आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांनी ओळख पटवणं, लॉक करून टाकलंय. आणि मागच्या आठवड्यात भाचीने तीच जाहिरात पाठवली, "कुत्र्यांचं स्वागत" हीच ओळ, तसाच गोल शिक्क्याचा परवाना. फोटो तेवढे आता हरिहरेश्वरचे आहेत.