बाबागाडीच्या हँडलचं 'पेटंट' आणि माझे १,२१,९५० रुपये

एकूण १,२१,९५० रुपये गेले. मिलिंग करून, हाताने घासून बसवलेलं सॅम्पल गेलं. आणि हँडलची उंची बदलणाऱ्या ज्या सांध्यावर मी जीव ओतला, त्यावर पेटंट मिळण्याची शक्यताही गेली, हे सगळ्यात जास्त सलतंय. ज्या संस्थेने मला फसवलं तिचं नाव इथे लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. पण पद्धत लिहितो. गाळ्यात, शेडमध्ये, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ज्यांनी काही नवं बनवलं असेल त्यांनी वाचा. "पेटंटही आम्हीच काढून देतो आणि माल घेणारी कंपनीही आम्हीच आणतो" असं एकाच तोंडून ऐकलंत तर तिथेच फोन ठेवा.

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, नाशिकला गाळा आहे. पाईप बेंडिंग, वेल्डिंग, थोडं मिलिंग. पोटापुरतं जॉबवर्क मिळतं. लोक विचारतात, बाबागाडीच्या हँडलमध्ये एवढं काय असतं? पोलीस ठाण्यातही हेच विचारलं गेलं, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या घरात गाडी ढकलणाऱ्या दोघी. आई चार फूट दहा इंच, बायको पाच फूट सहा इंच. विकत आणलेल्या गाडीचं हँडल एका ठरलेल्या उंचीवर पक्कं. हँडल साधारण कोपराच्या उंचीला किंवा जरा खाली असेल तर मनगट सरळ राहतं. त्याहून वर असेल तर मनगट मागे मोडून ढकलावं लागतं. आई रोज संध्याकाळी नातवाला फिरवून आली की म्हणायची, "अरे, मनगटं भरून आली रे माझी." त्यात ते छत्रीसारखं मिटणारं मॉडेल, दोन बाजूंना दोन वेगळ्या मुठी. एक हात सुटला की गाडी वाकडी. आईला दुसऱ्या हातात पिशवी धरायची असते, रस्ता ओलांडताना हात दाखवायचा असतो. पिशवी हँडलला अडकवू नका, हे मी तिला शंभर वेळा सांगितलंय. तुम्हीही अडकवू नका. बाळ उचललं की गाडी मागे कलंडते.

म्हणून मी सलग आडवं हँडल केलं. २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा पाईप, १.६ मिमी जाडीचा, वर फोम चढवून मूठ ३४ मिमीची, म्हणजे बोटं नीट वळून पकड बसते. उंची बदलायला दोन्ही बाजूंना दातेरी चकत्यांचा सांधा. एका चकतीला २४ दाते, म्हणजे एका टप्प्याला १५ अंश.

खरी कसरत सांध्यात आहे. हँडलवर सगळ्यात जास्त भार ढकलताना येत नाही, तो फूटपाथवर चढताना येतो. पुढची चाकं उचलायला माणूस हँडल जोरात खाली दाबतो. २० किलोचा दाब आणि सांध्यापासून मूठ ३० सेंमी लांब, म्हणजे सहा किलोग्राम-मीटरचा पीळ. आपल्याकडचे फूटपाथ पाहिलेत ना? एका फेरीत किती वेळा हे होतं ते मोजायलाच नको. युरोपातल्या ईएन १८८८ मानकात हँडलला वारंवार भार देऊन तपासायची चाचणी आहे, ती उगीच नाही. दाते झिजले की प्ले येतो, म्हणजे सांधा सैल होऊन हलायला लागतो. सांध्यात फक्त एका अंशाचा प्ले आला तरी मुठीपाशी पाच मिमीच्या वर हलतं आणि गाडी खुळखुळी वाटायला लागते. मी दाते निमुळते ठेवले आणि मागून स्प्रिंग दिली. झिजले की चकती थोडी आत सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. माझं जे काही नवं होतं ते एवढंच होतं. पाईप वाकवणं कुणालाही येतं.

त्यांची जाहिरात मोबाइलवर आली, 'तुमच्या संशोधनाला उद्योगाशी जोडतो' अशी. समोरचा माणूस अडाणी असता तर मी दोन मिनिटांत ओळखला असता. त्याने पहिल्याच बोलण्यात विचारलं, "सर, दात्यांचा कोन किती ठेवलाय? प्रॉडक्शनला ग्लास-फिल्ड नायलॉन चालेल का?" (म्हणजे काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन.) हा प्रश्न ज्याला पडतो त्याला काम कळतं, असं कुठलाही कारखानदार धरून चालेल. मग त्याने ओवेन मॅक्लॅरेनची गोष्ट सांगितली. विमानाच्या कामातून निवृत्त झालेला इंजिनिअर, नातीसाठी मिटणारी हलकी गाडी बनवली, १९६५ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि पुढे त्या नावाची कंपनी उभी राहिली. गोष्ट खरी आहे. या लोकांचं भांडवल तेच असतं. नव्वद टक्के खरं सांगतात आणि त्याच्या आड उरलेलं खपवतात.

पैसे असे गेले. 'नावीन्य मूल्यांकन अहवाल', १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. 'पेटंट फायलिंग', ३०,००० अधिक जीएसटी, ३५,४००. 'मजबुती चाचणी', १२,५०० अधिक जीएसटी, १४,७५०, आणि त्यासाठी माझं एकुलतं एक सॅम्पल कुरिअरने मागवलं. शेवटी नायलॉन चकतीच्या मोल्डचं, म्हणजे साच्याचं, 'परत मिळणारं डिपॉझिट', ६०,०००. पहिले तीन हप्ते संस्थेच्या खात्यात. शेवटचा एका व्यक्तीच्या खात्यात, "मोल्डमेकरला थेट देऊन टाका सर, आमच्यातून फिरवलं तर तुम्हाला जीएसटीचा भुर्दंड पडेल" असं सांगून. जीएसटी वाचवून देतो म्हणणारा माणूस तुमचे सगळेच पैसे वाचवून नेतो, स्वतःकडे.

आता ती पावती. रात्री अंथरुणावर पडलं की अजून डोळ्यासमोर येते.

३५,४०० भरल्यावर पीडीएफ आली, 'तुमचा पेटंट अर्ज दाखल झाला.' सरकारी बोधचिन्ह, तारीख, माझं नाव, सोबत चित्र. क्रमांक सहा आकडी, पुढे आडवी रेघ आणि ००१. फीच्या रकान्यात १,०००. आणि चित्रात हँडल बाहेरून दिसत होतं, पण सांधा नव्हता. माझी निमुळती चकती, स्प्रिंग, काहीच नाही. नुसता वाकवलेला पाईप. मी ते चित्र झूम करून पाहिलं. सांधा कुठे आहे म्हणून फोन करून विचारलं सुद्धा. तो म्हणाला, "सर, तो गुप्त भाग आहे, आत्ता दाखवला तर कॉपी होईल. साइटवरही शोधू नका, अठरा महिने अर्ज प्रसिद्ध होत नाही." अठरा महिन्यांचा नियम खरा आहे! मी तो तपासला आणि तो खरा निघाला, म्हणून मी गप्प बसलो. खऱ्या नियमाच्या आडोशाने खोटं बोलणाऱ्याला तुम्ही कसं पकडणार? वेल्डिंग करणाऱ्या माणसाने पेटंट कायदा तोंडपाठ करून बसायचं का?

आज मला कळतं ते तुम्हीही लिहून ठेवा. पेटंट अर्जाचा क्रमांक बारा आकडी असतो. आधी वर्ष, मग कार्यालयाचा आकडा. महाराष्ट्रातला अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो आणि त्याचा आकडा २. रेघ मारून ००१ लिहिलेला क्रमांक डिझाइन नोंदणीचा असतो. डिझाइन म्हणजे फक्त बाह्य रूप. २००० च्या डिझाइन कायद्यात यंत्ररचना बसतच नाही. आणि एकट्या माणसाने ऑनलाइन पेटंट अर्ज केला तर सरकारी फी १,६०० रुपये आहे. बाकी खर्च मसुदा लिहिणाऱ्याचा. तो लागतोच, पण तो कोण आहे ते बघा. पेटंट एजंटची सरकारी नोंदणी असते, यादी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. द्यायला कां-कूं केली की संपलं.

माझ्याकडच्या पावतीवरचा क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच कुणाच्या प्लास्टिकच्या डब्याचा. पावती बनावट. हे मला मुंबईच्या एका नोंदणीकृत एजंटने दाखवून दिलं, आणि पैसे घेतले नाहीत. देव त्यांचं भलं करो.

त्यांनीच पुढचा घाव सांगितला. अर्ज झालाय या समजुतीवर मी संस्थेला संमतीपत्र सही करून दिलं होतं आणि त्यांनी माझ्या हँडलचा व्हिडिओ 'कंपन्यांना दाखवायला' यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुला टाकला होता. त्यात सांधा उघडून दाखवलाय, दाते, स्प्रिंग, सगळं. (चित्रात गुप्त असलेला भाग व्हिडिओत जगाला दिसला.) आपल्या कायद्यात अर्जाआधी स्वतःच्या संमतीने उघड केलं की नावीन्य संपतं. सवलत आहे ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या गोष्टींना, तीही बारा महिन्यांची. यूट्यूब त्यात येत नाही. म्हणून अर्ज क्रमांक हातात येऊन तो खात्रीने तपासेपर्यंत व्हिडिओ नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही, स्टेटस नाही. कुणी कितीही घाई केली तरी नाही.

डिपॉझिट गेल्यावर फोन आधी व्यस्त लागायचा, मग बंद. दिलेल्या पत्त्यावर पुण्याला गेलो तर तिथे भाड्याने टेबलं देणारी जागा. त्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला. बिल पुण्याच्या पत्त्याचं आणि क्रमांक २७ ने सुरू होत नव्हता. २७ म्हणजे महाराष्ट्र. बिल हातात आलं की पहिले दोन आकडे बघा, तिथल्या तिथे.

मग सुरू झाली दुसरी शिक्षा. पोलीस ठाण्यात सगळे कागद घेऊन गेलो. हवालदार म्हणाले, "बिल आहे, जीएसटी लावलाय, मग फसवणूक कुठली? व्यवहार फिसकटलाय. दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, सरकारी पावती बनावट आहे, बोधचिन्ह वापरलंय, ती दिवाणी कशी? त्यावर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "बाबागाडीचं पेटंट? दुसरं काही सुचलं नाही का?" आणि तिथले सगळे हसले. माझं वय पन्नासच्या पुढे आहे. त्या खोलीत आई सोबत नव्हती, एवढंच बरं.

तिथून सायबर विभागाकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, ओटीपी दिला का, लिंक उघडली का? नाही, मीच बँकेतून पाठवले. "मग हे आमच्याकडे नाही, हद्दीतल्या ठाण्यात द्या." ठाण्याने परत सायबरकडे बोट दाखवलं. बँकेत गेलो, समोरचं खातं तरी गोठवा म्हटलं. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात गुन्हाच नोंद नाही तर पत्र कशाचं? इंग्रजी बिलांचं मराठी भाषांतर मागितलं, ते दिलं. मग साहेब बंदोबस्तावर. मग साहेबांची बदली. नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगा, सांधा म्हणजे काय, डिझाइन म्हणजे काय. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, तुमचा व्यावसायिक हेतू आहे, तुम्ही ग्राहकच नाही. जुन्या कायद्यात स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या सेवेला अपवाद होता, २०१९ च्या कायद्यात तो फक्त वस्तूंपुरता उरलाय, मग मी जायचं कुठे? कर भरतो तो मी, रांगेत उभा राहतो तो मी, आणि चोर असल्यासारखी उत्तरंही मीच द्यायची. तोपर्यंत त्या खात्यातले पैसे कुठल्या कुठे गेले असणार. हे सगळे लोक त्या टोळीत नाहीत, मला मान्य आहे. पण टोळीला यांच्याइतका भरवशाचा आधार दुसरा कुणाचा नाही.

एक करा, पैसे गेल्याचा संशय आला की आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासाला. मी कळलं तेव्हा लावला, तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर उशीर झाला होता. आणि ठाण्यात 'दिवाणी आहे' असं सांगितलं तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं आणि ३३६ बनावट दस्तऐवजाचं. गुन्हा घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्यांना पोस्टाने अर्ज पाठवायचा, आणि तिथेही दाद लागली नाही तर १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. मी आता त्या टप्प्यावर आहे.

वकील म्हणतात, अशीच पावती आणखी कुणाकडे असेल तर अर्जाला वजन येईल. 'पेटंट' म्हणून पाठवलेली, सहा आकडे आणि ००१ असलेली पीडीएफ तुमच्याकडे आली असेल, किंवा मोल्डचं डिपॉझिट एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितलं असेल, तर मूळ फाइल, ईमेल आणि बँकेची नोंद काहीही पुसू नका आणि मला कळवा. नाव उघड होणार नाही.